मदरबोर्ड गेला म्हणजे सगळंच गेलं का?

आमचं घर नेरूळला, खाडीच्या बाजूला, आणि तेही तळमजल्यावर. पावसाळ्यात आमच्याकडे लोणच्याच्या बरणीपासून चामड्याच्या चपलांपर्यंत कशाला बुरशी धरेल याचा नेम नाही. पापड डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी कपाटात, असा आमचा बंदोबस्त असतो. पण गेल्या जुलैत घरातली अशी एक वस्तू आजारी पडली की जिला डब्यात घालता येत नाही. ती म्हणजे आमचा कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर २०१४ सालचा. मी शाळेत अर्धवेळ शिकवायला लागले त्या वर्षी माझ्याच पगारातून घेतलेला, म्हणून माझा जीव त्याच्यावर अंमळ जास्तच. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, घरखर्चाचा हिशेब, लेकीचे फोटो, सगळं त्याच्यात. आधी त्याचं घड्याळ चुकायला लागलं. सकाळी सुरू करावा तर तारीख एकदम दहा-बारा वर्षं मागे! मग बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडेना. पुढे बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण पडदा काळाच. तीन-चारदा दाबलं की यायचा. मागच्या दोन यूएसबीच्या खाचा मेल्या. आणि एका रात्री सातवीची प्रश्नपत्रिका टाइप करता करता जो गोठला, तो दुसऱ्या दिवशी उठेचना.

ह्यांनी उचलून दुकानात नेला. मीही बरोबर होते. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटं खाटखुट केली आणि म्हणाला, “मदरबोर्ड गेलाय, ताई. आता यात काही राहिलं नाही. नवीन घ्या. हा पाचशेला ठेवून घेतो.” नव्याचा आकडा त्याने कागदावर लिहून दिला, बत्तीस हजार. मी विचारलं, “आणि आतलं?” तर म्हणाला, “सगळंच गेलं.”

ह्यांनी तर मान डोलावली होती. ‘अकरा वर्षं चालला, काय वाईट?’ मीसुद्धा हो म्हणणारच होते. पण ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून आम्ही तो परत आणला. आमच्याकडे कुठलीही मोठी खरेदी सासूबाईंच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग अण्णांचंही गेलं का?”

माझ्या पोटात धस्स झालं. अण्णा म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीत मराठी टाइपरायटरवर उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर माझ्याच कॉम्प्युटरवर ते रोज दुपारी तास-दीड तास आपल्या आठवणी टाइप करत बसायचे. ते २०२१ साली गेले. ती फाइल दुसरीकडे कुठेही नव्हती. आणि आम्ही ती पाचशे रुपयांना देऊन येणार होतो!

म्हणून म्हटलं, या वेळचं सदर भाजी टिकवण्याचं किंवा डाग काढण्याचं नको. जे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, ते तुम्हाला आधीच ठाऊक असावं.

मदरबोर्ड म्हणजे ओटा

कॉम्प्युटरचा डबा उघडलेला बघितला की आपल्याला वाटतं, हे काही आपलं काम नव्हे. पण बघा हं, मला तर ते स्वयंपाकघरच वाटलं. मदरबोर्ड म्हणजे ओटा. सगळं त्याच्यावर मांडलेलं, सगळं त्याच्याशी जोडलेलं. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे स्वयंपाकाला लागणारं सामान ओट्यावर काढून ठेवतो ती जागा, काम झालं की रिकामी. एस.एम.पी.एस. नावाचा पत्र्याचा चौकोनी डबा म्हणजे गॅसचा रेग्युलेटर. भिंतीतली वीज घेऊन प्रत्येकाला पचेल एवढीच पुढे देतो. आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. वर्षाचं धान्य, मसाले, लोणची, पापड सगळं तिथे.

आता सांगा, ओट्याला तडा गेला म्हणून फडताळातली डाळ खराब होते का?

नाही ना? तसंच हे. मदरबोर्ड गेला तरी हार्ड डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते. चार स्क्रू काढले आणि दोन तारा सोडवल्या की ती हातात येते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे टेबलावरच्या कॉम्प्युटरला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपना लागू आहे. हल्लीच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये फडताळ ओट्यातच बांधून टाकलेलं असतं. तिथे बोर्ड गेला की आतलं काढणं फार अवघड. असा लॅपटॉप असेल तर तो धडधाकट असतानाच दुसरीकडे प्रत काढून ठेवायला हवी.

आधी फडताळ रिकामं करा

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा आय.टी.आय.ला आहे. त्याला बोलावलं. त्याने सांगितलेली पहिली गोष्ट मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे: ‘आधी आतलं बाहेर काढायचं, दुरुस्ती नंतर.’ आपण उलटं करतो. बिघडलेलं यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून बघतो आणि उरलंसुरलंही घालवतो.

बाजारात हार्ड डिस्क घालायचा एक डबा मिळतो. डिस्क त्यात बसवायची आणि यूएसबीची तार दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला लावायची. घेताना एवढं बघा: टेबलावरच्या कॉम्प्युटरची डिस्क मोठी, साडेतीन इंची असते. तिला वेगळ्या विजेचा अडॅप्टर असलेला डबा लागतो. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क साध्या यूएसबीवर चालते. डिस्क लावल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर चुकूनही ‘हो’ म्हणू नका. आतून टक-टक-टक असा ठोका येत असेल तर ताबडतोब बंद करा. दुखणं डिस्कलाच आहे, ते जाणकाराकडेच न्यायला हवं. आणि डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकड्यांची किल्ली लागेल. आज तुमचा कॉम्प्युटर चालू आहे ना? मग ती किल्ली आजच शोधून वहीत लिहा.

आमची डिस्क लागली. फोटो दिसले, प्रश्नपत्रिका दिसल्या. ‘आठवणी’ नावाची फाइलही दिसली. सासूबाई चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. फाइल उघडली, आणि पानभर नुसती इंग्रजी अक्षरं! ना शेंडा ना बुडखा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या.

फाइल खराब झाली असंच मला वाटलं. पण मग आठवलं की अण्णांना टाइपरायटरची सवय. त्यांच्या बोटांना जमेल असा ‘कृतिदेव’ फॉण्ट त्यांनी घालून घेतला होता. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही जुनी मराठी कागदपत्रं कॉम्प्युटरवर असतील तर हे नीट लक्षात ठेवा. आज आपण फोनवर लिहितो ते मराठी युनिकोडमध्ये असतं, ते कुठेही मराठीच दिसतं. पूर्वीच्या कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉण्टांची गोष्ट वेगळी होती. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं किंवा खुणा, आणि फॉण्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. नव्या कॉम्प्युटरवर तो मुखवटा नसतो, म्हणून नुसता गोंधळ दिसतो. मजकूर मात्र जागच्या जागी असतो.

जुन्या डिस्कवरच, विंडोजच्या ‘फॉण्ट्स’ या कप्प्यात, तो फॉण्ट सापडला. मुलाने तो लॅपटॉपवर चढवला आणि एकेक ओळ मराठीत उजळली. अण्णा १९८३ साली वाशीला राहायला आले तिथपासूनची हकीकत होती. लोकल मानखुर्दपर्यंतच, पुढे खाडीपुलावरून बस. वाशीला लोकल आली ती १९९२च्या मे महिन्यात. तोवर पावसात बस चुकली तर काय व्हायचं, याच्यावरच चार पानं! सासूबाई मध्येच म्हणाल्या, “हे खोटं आहे हो. छत्री मी विसरले नव्हते, ह्यांनीच विसरली होती.” तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता ती फाइल मी युनिकोडमध्ये करून घेतली आहे. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात. पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. मूळ फाइल आणि तिचा फॉण्ट तसेच ठेवा, आणि नवी प्रत माणसाने वाचून तपासा. सासूबाई आणि मी रोज दोन पानं घेतो.

मग दुखणं शोधा, पायरीपायरीने

आतलं सामान सुरक्षित झालं की मन शांत होतं. मग ‘मदरबोर्ड गेला’ हे खरं का, ते बघायचं. पुष्कळदा दुखणं दुसरंच असतं आणि नाव मदरबोर्डचं होतं. स्वस्त गोष्टीपासून महाग गोष्टीकडे जायचं, हा नियम.

पहिल्यांदा सुरक्षितपणा. स्विच बंद करा, प्लग काढा, आणि मग कॉम्प्युटरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साचलेली वीज निघून जाईल. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते. म्हणून गालिच्यावर बसून किंवा सिंथेटिक साडी नेसून हे काम नको. आणि एस.एम.पी.एस.चा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात झटका बसण्याइतकी वीज राहू शकते.

१. वीज: दुसरा सॉकेट, दुसरी तार लावून बघा. प्लगची तिसरी पिन मोडून काम चालवलं असेल तर ते आधी थांबवा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

२. धूळ: रंगाचा मऊ, कोरडा ब्रश घ्या. ओलं फडकं नको. व्हॅक्यूम क्लीनरही आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. पंखा साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी साचते, मग तो तापतो आणि यंत्र मध्येच बंद पडतं.

३. रॅम: दोन्ही टोकांच्या कळा बाजूला केल्या की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी दातांवर मुलांचं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. आपल्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत या दातांवर थर चढतो, तो एवढ्याने निघतो. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा. आणखी एक युक्ती: आत छोटा स्पीकर असेल तर रॅम काढून कॉम्प्युटर चालू करा. ‘टूँ टूँ’ अशी तक्रार ऐकू आली तर बोर्डात अजून धुगधुगी आहे.

४. बटणासारखा सेल: बोर्डावर एक चपटा गोल सेल असतो, सी.आर. २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. तारीख मागे जात असेल तर संशयित हाच. मला चाळीस रुपयांना मिळाला. घड्याळ त्याने सुधारलं, आणि बँकेची साइटही उघडायला लागली. पण मैत्रिणींनो, जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. तसं झालं, किंवा नुसता संशय आला, तरी वाट न बघता इस्पितळ गाठा.

५. एस.एम.पी.एस.: रेग्युलेटरच बिघडला तर ओट्याला दोष देऊन काय उपयोग? जाणकाराला सांगून दुसरा, चालू असलेला लावून बघायचा. आमचा ठीक निघाला.

६. आणि शेवटी खुद्द बोर्ड. प्रोसेसरच्या आजूबाजूला लहान लहान उभ्या नळकांड्या दिसतात, ते कपॅसिटर. त्यांच्या टोप्या सपाट हव्यात. फुगल्या असतील किंवा वर तपकिरी खपली असेल तर तो कपॅसिटर संपला. आत ओला पदार्थ असतो, तो वर्षानुवर्षं उष्णतेने सुकतो. २०००च्या आसपासच्या काही वर्षांत तर सदोष कपॅसिटरांमुळे जगभर बोर्ड बिघडले होते. आमच्या बोर्डावर दोघांच्या टोप्या चक्क पुरीसारख्या फुगलेल्या.

म्हणजे दुकानातला मुलगा रोगाच्या नावात चुकला नव्हता. चुकला तो ‘सगळंच गेलं’ यात.

दुरुस्ती करावी का?

बोर्ड बदलायचा म्हटलं तर जुन्या प्रोसेसरला आणि जुन्या रॅमला जुळणाराच बोर्ड हवा. तो नवा सहसा मिळत नाही. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जुने बोर्ड मिळतात. पण वापरलेला बोर्ड म्हणजे दुसऱ्याच्या तव्याची पोळी, किती दिवस साथ देईल कोण जाणे. त्यासाठी हजारो रुपये घालू नयेत असं माझं मत.

पण कपॅसिटर बदलणं स्वस्त. आमच्या स्टेशनजवळ एक म्हातारे टी.व्ही. मेकॅनिक आहेत. पूर्वी त्यांच्याकडे टी.व्ही.ची रांग असायची, आता बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. त्यांनी भिंग लावून बघितलं, तेवढ्याच क्षमतेचे दोन कपॅसिटर शोधले आणि डाग देऊन बसवले. मजुरी धरून चारशे रुपये. म्हणाले, “चालेल, ताई. पण मी हमी देणार नाही. दोन गेलेत, तर बाकीचेही त्यांच्याच वयाचे आहेत.” हा सल्ला मला हमीपेक्षा मोलाचा वाटला. फुगलेले कपॅसिटर तसेच ठेवून यंत्र चालवू मात्र नका, आणि चालू ठेवून बाहेर तर मुळीच जाऊ नका.

यंत्र चालू झालं. आता प्रश्न असा, की उद्या पुन्हा झोपेल अशा यंत्राचं करायचं काय?

थकलेल्याला थकलेल्याचं काम

घरात वयस्कर माणूस असेल तर आपण त्याला पिंप उचलायला सांगत नाही. शेंगा सोलायला देतो. आणि त्याला बरं वाटतं. तसंच इथे. ज्याचा भरवसा नाही त्याच्याकडे मोलाचं काही ठेवायचं नाही, पण कामातून काढूनही टाकायचं नाही.

मी काय केलं ते सांगते. ह्यांचा २०१९चा लॅपटॉप पडदा फुटून कपाटात पडून होता. पडदा बदलायला भरपूर पैसे सांगितले होते. त्याला मी माझ्या कॉम्प्युटरचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस लावला. झाला की धडधाकट कॉम्प्युटर! दोन अपंग वस्तूंचा मिळून एक संसार. प्रश्नपत्रिका, बँक, महत्त्वाचं सगळं आता त्याच्यावर.

जुन्या मदरबोर्डवाल्या कॅबिनेटला मी डिस्क परत बसवलीच नाही. विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि एवढ्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ सरळपणे चढत नाही. म्हणून ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घातलं. ते फुकट मिळतं, जुन्या यंत्राला झेपतं, आणि त्यात मराठी लिहिता येतं. आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ही असंच आहे. मॉनिटरला मागे दोन तोंडं असतात. एकात लॅपटॉप, दुसऱ्यात हे. मॉनिटरचं बटण दाबलं की अदलाबदल.

या यंत्रावर माझ्या शिकवणीची मुलं संध्याकाळी मराठी टायपिंग शिकतात. अर्धा-पाऊण तास, मी समोर असताना. मध्येच गोठलं तर मुलं टाळ्या वाजवतात, आणि आम्ही पुन्हा सुरू करतो. काही हरवत नाही, कारण हरवण्यासारखं त्याच्यात काही नाहीच.

तुमचा बोर्ड पुरता मेला असेल तरीही बाकीचं वाया जात नाही. मॉनिटरला एच.डी.एम.आय.ची जागा असेल तर सेट-टॉप बॉक्स जोडून छोटा टी.व्ही. होतो, फक्त आवाजाला वेगळे स्पीकर लागतील. कीबोर्ड आणि माऊस ओ.टी.जी. नावाच्या छोट्या जोडणीने बहुतेक अँड्रॉइड फोनला लागतात. ज्यांना फोनवर लांबलचक मजकूर लिहावा लागतो त्यांनी हे करून बघाच. आणि डिस्क तिच्या डब्यात राहून घरची पेटी होते.

माझा एकूण खर्च: सेल चाळीस, डिस्कचा डबा तेराशे, कपॅसिटर चारशे, पेन ड्राइव्ह साडेतीनशे. मिळून दोन हजार नव्वद रुपये. वहिनींच्या मुलाने पैसे घेतले नाहीत, म्हणून त्याला दोन रविवार पुरणपोळीचं जेवण. ते यात धरलेलं नाही.

देताना डोळे उघडे ठेवा

शेवटी कधीतरी यंत्र द्यायची वेळ येतेच. तेव्हा दोन गोष्टी पाळा.

एक, डिस्क कधीही आतच ठेवून देऊ नका. आपल्या डिस्कवर आधार कार्डाच्या प्रती असतात, पासबुकाची पानं असतात, मुलींचे फोटो असतात. नुसतं ‘डिलीट’ केलं किंवा झटपट फॉरमॅट केलं तरी ते पुसलं जात नाही, जाणणारा काढू शकतो. संपूर्ण डिस्कवर नवीन लिहून ती पुसणारा प्रोग्राम वापरा. डिस्क मेलेलीच असेल तर तिला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडून घ्या.

दुसरं, बोर्ड भंगारात टाकू नका. त्याच्यात सोनं-तांबं असतं तसं शिसंही असतं. जुन्या सपाट मॉनिटरच्या दिव्यांत पारा असतो. अशा वस्तू कुठेतरी आडबाजूला ॲसिडमध्ये बुडवतात आणि तारा जाळतात. तो धूर आणि ते पाणी तिथल्या बायकामुलांच्याच पोटात जातं. म्हणूनच अशा वस्तूंवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र छापलेलं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांनुसार वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवरच तिची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. तेव्हा कंपनीकडे किंवा महापालिकेकडे चौकशी करा आणि नोंदणी असलेल्या ठिकाणीच द्या.

आणि एक वही

एवढ्या सगळ्यातून मी एक नियम केला. मोलाची फाइल तीन ठिकाणी: एक रोजच्या यंत्रावर, एक कपाटातल्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत पुण्याच्या वन्संकडे आहे. दर तीन महिन्यांनी मी कपाटातली डिस्क काढते, लावते आणि दोन-चार फाइली उघडून बघते. धान्याला ऊन दाखवतो तसं. शिवाय एका वहीत लिहून ठेवलं आहे: कुठली फाइल कुठे आहे, कुठल्या फॉण्टमध्ये आहे, पासवर्ड कोणाला माहीत आहे. कारण घरातलं हे ठाऊक असलेलं माणूस एकच असतं, आणि तेच एक दिवस नसतं.

अण्णांच्या आठवणींची चौऱ्याऐंशी पानं निघाली. त्यातली एकवीस सासूबाईंनी आणि मी तपासली. छत्रीच्या गोष्टीखाली सासूबाईंनी पेन्सिलीने आपली बाजू लिहिली आहे. तीही मी टाइप करून जोडली आहे.

तुमच्याकडे कपाटात असं एखादं बंद पडलेलं यंत्र असेल, तर या रविवारी त्याच्यातली डिस्क तेवढी काढून बघा. काय सापडलं ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी पावसाळ्यात मिक्सर आणि इस्त्री यांची काळजी, हा विषय घेऊ.

तोवर, नमस्कार!